प्लंबरच्या घरची गळकी टाकी

६ जानेवारी

प्रिय ताई,

फोन केला असता, पण तुम्ही फोन मानेत अडकवून शिलाई मशीन चालवत बोलता आणि मला निम्मी खडखडच ऐकू येते. शिवाय आज तुमच्या धाकट्या भावाचं गाऱ्हाणं सांगायचंय. हे घरात असले की पेपरमागून कान टवकारून बसतात. तेव्हा पत्रच बरं.

आधी आनंदाचं सांगते. लेकीची तब्येत उत्तम आहे. डॉक्टरांनी एप्रिलचा मध्य सांगितलाय. मी मार्चच्या मध्यावर निघणार आणि चांगले दोन महिने तिच्याजवळ राहणार. बॅग आत्ताच माळ्यावरून काढून ठेवलीय. हे म्हणतात, आत्तापासून काढलीस तर तोवर तिच्यात झुरळं संसार थाटतील. म्हणू देत. पहिलं नातवंड आहे हो! झबल्यांचं कापड मऊ घ्या, आणि बटणं नकोत, नाड्या लावा.

आता गाऱ्हाणं. आमच्या संडासाची फ्लशची टाकी गळते. हसू नका. अख्ख्या गावाचे नळ दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या घरची टाकी गळते! रात्री डोळा लागला की सूंऽऽ करत भरायला लागते. जरा शांत झाली, परत झोप लागली, की परत सूंऽऽ. रात्रीत असं कितीदा होतं ते मी मोजणं सोडून दिलंय. ह्यांना विचारलं तर म्हणतात, आतला वायसर झिजलाय, पाणी झिरपतं, म्हणून आपोआप भरते. दर रविवारी टाकी खोलून बसतात. वायसर बदलला, आतला गोळा बदलला, झाकण बदललं. आवाज आहे तिथेच.

शेजारीण परवा जिन्यात म्हणाली, "प्लंबरच्याच घरी गळती, मग आम्ही कोणाला बोलवायचं हो?" मला वाटलं आता हे पेटणार. त्यांच्या कामाला कोणी नाव ठेवलं की कसे तापतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. पण हे चक्क हसले आणि वर निघून गेले. वय झालं म्हणायचं.

बाकी ह्यांची तब्येत छान आहे. पोट तर कुठल्या कुठे गेलं. हिवाळ्यातसुद्धा ह्यांना सारखी तहान लागते, म्हणून रात्री उशाशी लिंबाच्या सरबताचा मोठा जग ठेवते. साखर जरा सढळ हाताने घालते, दिवसभर राबतो बिचारा माणूस. सकाळी जग रिकामा.

उत्तर लवकर द्या.

तुमची,
वहिनी


११ जानेवारी

ताई,

सोबतच्या पिशवीत दोन पँटी आहेत. कमरेत आत घे. कुठवर घ्यायच्या तिथे खडूने रेघ मारलीय. पट्ट्याला नवीन भोकं पाडून पाडून पट्ट्याची चाळण झाली. घरी यातलं काही बोलू नकोस. तुझी वहिनी लगेच खायला घालत सुटेल.

काळजीचं काही नाही. हल्ली चालतो खूप, त्यामुळे उतरलोय. तू जन्मभर ढब्बू म्हणून हाक मारलीस, आता दुसरं नाव शोध.

काम जोरात आहे. चष्म्याचा नंबर मात्र बदललेला दिसतो. नळाच्या आट्यांवर टेप गुंडाळताना आटे एकमेकांत मिसळून जातात. आणि बेसिनखाली उकिडवं बसून बसून पायांना मुंग्या येतात, त्या रात्री झोपल्यावरही जात नाहीत. आमच्या धंद्यातलं दुखणं, दुसरं काय. घशाला कोरड पडते तीही त्या पाइपांच्या गंजाने.

बायको मार्चमध्ये लेकीकडे निघाली की मग निवांत एकेक बघून घेईन. तोवर मूग गिळून बस, ही विनंती.

ढब्बू (हल्ली नावापुरता)


१७ जानेवारी

ढब्बू,

पँटी पोचल्या. टेबलावर पसरल्या आणि तुझ्या रेघा बघितल्या.

ऑक्टोबरात तू अशाच दोन पाठवल्या होत्यास. म्हणालास, ताई, तू मोठ्या शिवल्यास. मी? तू शाळेच्या चड्डीत होतास तेव्हापासून तुझं माप घेतेय. फीत न लावता तुझी कंबर सांगू शकते. तेव्हा गप्प बसले, म्हटलं भावाचा मान राखावा. आता तुझ्या खडूच्या रेघेवर शिवण घालायची तर दोन्ही खिसे मागे जाऊन एकमेकांना भेटतील. चालून इतकं कोणी उतरत नाही. तू जिना चढायला नको म्हणून वरच्या मजल्यावरची कामं टाळणारा माणूस, तू कधीपासून चालायला लागलास?

वहिनीचंही पत्र आलंय. तुझं आणि तिचं पत्र मी शेजारी शेजारी ठेवून वाचलं. ती लिहिते टाकी, तू लिहितोस पँट. ती लिहिते सरबत, तू लिहितोस घशाला कोरड.

काल माझ्या गिऱ्हाईक डॉक्टरीणबाई नवीन कोटाचं माप बघायला आल्या होत्या. दोन्ही बाह्यांना टाचण्या लावलेल्या, हलता येईना, म्हणून करमणूक म्हणून त्यांना तुझ्या टाकीची गोष्ट सांगितली. आधी खूप हसल्या. मग सरबताचं ऐकलं आणि हसायच्या थांबल्या. एकेक विचारायला लागल्या. रात्री लघवीला किती वेळा उठतो? उठला की पाणी पितो का? तोंड सुकून जाग येते का? पोटऱ्यांत गोळे येतात? सकाळी उठल्यावर झोप झालीच नाही असा दिसतो? मी म्हटलं, बाई, मी त्याच्या उशाशी झोपत नाही. तर म्हणाल्या, "मग जो उठतो त्यालाच विचारा. रक्तातली साखर वाढली की शरीर ती लघवीतून बाहेर टाकतं, सोबत पाणी जातं, म्हणून तहान लागते, आणि तहानेला हा माणूस गोड सरबत पितोय. रात्री माणूस एका जागी असतो म्हणून हे सगळं रात्री जास्त कळतं." दुसरी कारणंही असू शकतात असंही म्हणाल्या, या वयात पुरुषांना उठावं लागतंच. पण वजन उतरतंय म्हटल्यावर रक्त तपासल्याशिवाय राहायचं नाही, आणि उद्यावर टाकायचं नाही.

तेव्हा मी विचारते. खरं सांग, गळतंय कोण? टाकी की तू?

तुझी ताई


२२ जानेवारी

ताई,

मी.

टाकी ठणठणीत आहे. इतकी चांगली टाकी अख्ख्या गल्लीत नाही. ऑगस्टपासून मी रात्री चार चार, पाच पाच वेळा उठतोय. पहिल्यांदा बायकोने विचारलं, रात्रभर कसला आवाज येतो? माझ्या तोंडून निघून गेलं, टाकी गळते. झालं. मग गळणारी टाकी दुरुस्त करायला नको? दर रविवारी खोलायची, आतलं चांगलं सामान काढायचं, दुसरं चांगलं सामान बसवायचं, आणि शिव्या घालत बाहेर यायचं. शेजारीण बोलली त्या दिवशी रक्त खवळलं होतं. पण काय सांगणार? टाकी चांगली आहे म्हटलं तर आवाज कुणाचा ते सांगावं लागलं असतं.

तुला वाटेल, येडा आहे हा. तर ऐक. आपल्या लेकीच्या जन्माच्या वेळी बायकोची आई यायची होती. ऐन वेळी सासऱ्यांनी अंथरूण धरलं आणि ती आली नाही. बायको त्या दवाखान्यात दाराकडे बघत पडली होती ते मी विसरलेलो नाही. माझ्या लेकीवर ही वेळ येऊ देणार नाही, हे तेव्हापासून म्हणतेय ती. आणि आता माझं काही निघालं तर? ती पाऊल उचलणार नाही ग. बॅग परत माळ्यावर जाईल. म्हणून म्हटलं, मार्च उजाडू दे, तिला गाडीत बसवून देतो आणि तिथून थेट दवाखान्यात जातो.

हे झालं एक. दुसरं म्हणजे भीती वाटते. रात्री उठून आरशात बघतो तर गाल बसलेले. पायांत मुंग्या, डोळ्यांपुढे धुकं. लोकांचे पाय कापतात, डोळे जातात असलं काहीबाही ऐकलेलं असतं, ते नेमकं तेव्हा आठवतं. दिवसा काही वाटत नाही. हे तुलाच सांगतोय.

तिला सांगू नकोस. शपथ आहे.

ढब्बू


२७ जानेवारी

प्रिय वहिनी,

खुर्चीवर बसून वाच, आणि भाऊ घरात असेल तर स्वयंपाकघराचं दार लावून घे.

त्याने मला शपथ घातलीय. त्याने घातली, मी घेतलेली नाही. तो शाळेत असताना असल्या शपथा रोज घालायचा आणि मी रोज आईला सांगायचे.

टाकी गळत नाही. तो उठतो. ऑगस्टपासून उठतोय. कंबर दोनदा आत घ्यायला माझ्याकडे पँटी पाठवल्यात. डोळ्यांना अंधुक दिसतं, पायांना मुंग्या येतात. माझ्या डॉक्टरीणबाईंना मधुमेहाची शंका आहे आणि मलाही. सरबत आजपासून बंद, नुसतं पाणी दे. त्यातल्या साखरेचं मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्यासमोर ज्याने जग रिकामा केला त्याला तोंड होतं, बोलायचं होतं.

हे त्याने तुझ्यापासून का लपवलं ते तोच सांगेल. एवढंच सांगते, कारण वाईट नाही. अक्कल नाही, पण कारण वाईट नाही.

आता तू सरळ विचारलंस तर तो कबूल होणार नाही. वायसरवर ढकलेल, गोळ्यावर ढकलेल, तुला वेड्यात काढेल. म्हणून त्याच्याच धंद्याने त्याला पकड. टाकीखाली पाण्याची छोटी चावी असते ना? तो झोपला की ती बंद कर. टाकी गळत असेल तर हळूहळू रिकामी होईल आणि भरण्याचा आवाज होणारच नाही. पण कोणी उठत असेल तर एकदा फ्लश चालेल. दुसऱ्यांदा काय होतं ते बघ.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला उपाशीपोटी तपासणीला ने. कानाला धरून ने.

तुझी ताई


४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

हसू की रडू ते मला अजून कळत नाहीये, त्यामुळे दोन्ही चाललंय.

तुमचं पत्र वाचलं. त्याच रात्री हे घोरायला लागल्यावर चावी बंद केली आणि डोळे मिटून पडून राहिले. थोड्या वेळाने हे उठले. फ्लश वाजला. परत आले, घटाघट पाणी प्यायले. (सरबत कुठाय म्हणाले, मी झोपेत असल्यासारखं "लिंबं संपली" म्हटलं.) मग परत उठले. आणि मग आतून नुसतं खट. मग खट खट. मग बराच वेळ काहीच नाही. मी उठले आणि दिवा लावला.

काय सांगू ताई! गावातला पहिल्या नंबरचा प्लंबर पायजम्यावर उभा, टाकीचं झाकण दोन्ही हातांत तबकासारखं धरलेलं, आणि आत वाकून बघतोय. मला बघून म्हणतात, "टाकी बघत होतो ग. अख्खी गळून गेली बघ."

मी म्हटलं, "गळून गेलं असतं तर मघाशी फ्लश कुणी केला? चावी मी बंद केलीय. तुमच्याच धंद्यातली युक्ती आहे."

ह्यांनी झाकण हळूच जागेवर ठेवलं, बादली उलटी केली आणि तिच्यावर बसले. मला म्हणाले, "मीच उठतो. तू लेकीकडे जाशील ना?" मी भांडायची केवढी तयारी करून गेले होते! ती सगळी विसरले. तिथेच फरशीवर बसले. आधी दोघं रडलो. मग मला झाकण धरलेले हे आठवले आणि मी जी हसत सुटले ती थांबेचना. हे पण हसायला लागले. शेजारणीने भिंतीवर हात आपटला.

सकाळी उपाशीपोटी नेलं. तुंबलेल्या गटारात खांद्यापर्यंत हात घालणारा माणूस, पण सुई बघून घामाघूम! तपासणारी मुलगी म्हणाली, तिकडे खिडकीकडे बघा काका. तर डोळेच मिटून घेतले.

मधुमेहच निघाला. उपाशीपोटीची साखर खूप वाढलेली, आणि मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी असते तीही वाईट. पण डॉक्टरांनी डोळ्यांचा पडदा तपासायला पाठवलं, लघवी तपासली, पायांना टोचून टोचून पाहिलं. कुठे काही बिघडलेलं नाही. अंधुक दिसतं ते साखर उतरली की निवळेल म्हणाले, चष्मा आत्ताच बदलू नका. पायांच्या मुंग्याही साखर आटोक्यात आली की बहुतेक कमी होतील. मुंग्यांवरून आठवलं, संडासात कोपऱ्यात मुंग्यांची रांग लागायची आणि मी बिचारी पावडर मारत बसायचे! डॉक्टर म्हणाले, लघवीतल्या साखरेला मुंग्या लागतात, पूर्वी लोक त्याच्यावरूनच ओळखायचे, आता मुंग्यांवर विसंबत नाहीत. आणखी वर्षभर टाकीवर ढकललं असतं तर वेगळं बोलावं लागलं असतं, असंही म्हणाले. तेव्हा मी ह्यांचा हात धरला तो घरी येईपर्यंत सोडला नाही.

गोळ्या सुरू झाल्यात, गोड बंद, आणि रोज चालणं. आता खरंच चालतात.

लेकीकडे जायचं मात्र मी रद्द केलं. बॅग माळ्यावर टाकली. ह्यांना असं सोडून कशी जाऊ? रात्री काही झालं तर? तिच्या सासूबाई आहेत, सांभाळतील. मनाची समजूत घातलीय.

तुमची,
वहिनी


७ फेब्रुवारी

फितूर बहिणीस,

सांगितलं होतं ना, सांगू नकोस म्हणून? आता बघ. बॅग माळ्यावर गेली. ज्या गोष्टीसाठी सहा महिने स्वतःच्या टाकीची बदनामी केली तीच झाली. बायको म्हणते मनाची समजूत घातलीय, आणि पुरीच्या पुरी बरणी मीठ वरणात घालते. लेकीशी फोनवर हसून बोलते आणि फोन ठेवला की नाक ओढते.

मी म्हटलं, अग मी चांगला आहे, जा. तर म्हणते, तुमच्या चांगल्यावर माझा विश्वास उरला नाही. मीच घालवलाय तो.

तुझ्यावर रागावलो होतो. तीन दिवस रागावलो. काल रात्री दोनदाच उठलो आणि मधे सलग झोपलो, सकाळी उठलो तर डोकं हलकं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा पोरासारखी खरी भूक लागली. मग राग गेला. चावी बंद करायची युक्ती मात्र तुझी नव्हे, ती मीच तुला तुझ्या दुकानाच्या टाकीसाठी शिकवली होती. तेवढं श्रेय मला हवं.

आता तूच काहीतरी कर. तिला पाठव.

ढब्बू


१२ फेब्रुवारी

ढब्बू आणि वहिनी,

दोघांनी मिळून वाचा. एकेकट्याला लिहून लिहून माझे हात टेकले.

तुम्ही दोघं म्हणजे कमाल आहात. एक म्हणतो तू जा म्हणून मी लपवतो, दुसरी म्हणते तुम्ही लपवता म्हणून मी जात नाही. गाडीत दोन माणसं बसतात हे तुमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं का? दोघं जा!

ढब्बू, तुझी कारणं मला इथून ऐकू येतायत. काम आहे म्हणशील. तुझा कामावरचा जोडीदार दोन महिने गावाचे नळ सांभाळेल. जावयाच्या घरी बसून काय करू म्हणशील. जावई कारकुनी करतो, त्याला खिळा ठोकता येत नाही, त्या घरात तुला दोन महिने पुरेल एवढं गळत असेल. चालायला रस्ते तिथेही आहेत. गोळ्या पिशवीत मावतात.

वहिनी, तुझा नवरा तुझ्या डोळ्यांसमोर आणि तू लेकीच्या डोळ्यांसमोर. अजून काय हवं? पण निघायच्या आधी परत रक्त तपासा, आणि डॉक्टर हो म्हणाले तरच जा.

पँटी परत पाठवतेय. आत घेतलेल्या नाहीत. त्या कमरेला परत बसतील हे आता तुझं तूच बघ.

ताई


८ मार्च

प्रिय ताई,

डॉक्टर हो म्हणाले! साखर बरीच खाली आलीय. म्हणाले, असाच नीट वागणारा पेशंट मिळाला तर आमचं काम अर्धं होतं. हे लगेच छाती फुगवून माझ्याकडे बघायला लागले. येत्या शनिवारी दोघं निघतो. ह्यांनी बॅग माळ्यावरून स्वतः काढली आणि वर आणखी एक काढली, त्यात निम्मे पाने आणि पक्कड. लेकीला सांगितलं तर फोनवर ओरडलीच. म्हणाली, बाबा पण? मग ह्यांनी फोन घेतला. फोनवर तीन माणसं नुसती नाक ओढत होती.

दोन गमती सांगायच्यात. डॉक्टरांनी मला बजावलं होतं की काही गोळ्यांनी साखर उलट जास्त उतरूही शकते. रात्री घामाने निथळून जाग आली, हात थरथरले, बोलणं गोंधळल्यासारखं वाटलं तर आधी बोटाला टोचून साखर बघा, कमी असेल तर लगेच चमचाभर साखर पाण्यातून द्या. म्हणून उशाशी साखरेची छोटी डबी ठेवलीय, तेवढ्यापुरतीच. एका रात्री हात लावला तर अंग घामाने चिंब! मी धडपडत उठले, दिवा लावला, बोटाला टोचलं. साखर अगदी बरोबर. अंगावर दोन ब्लँकेटं आणि माझी शाल, हे तिन्हीखाली उकडून निघाले होते. वर म्हणतात, "झोपलेल्या माणसाला टोचून काय मिळतं तुला?"

आणि दुसरी. मागच्या आठवड्यात रात्री जाग आली तर सूंऽऽ. टाकी भरत होती. म्हटलं, परत वाढली साखर, परत लपवतायत. वळून बघते तर हे शेजारी घोरतायत. टाकी खरंच गळत होती! सहा महिने चांगली टाकी दर रविवारी खोलून खोलून माणसाने तिची वाट लावली. सकाळी सांगितलं तर केवढे आनंदले. खरी गळती सापडली म्हणून शीळ घालत दुरुस्त केली.

आता घरात रात्री चिडीचूप असतं. त्या शांततेनेच मला जाग येते. मग ह्यांच्या नाकाशी बोट धरून बघते. श्वास चालू असतो, मग घोरणं सुरू होतं. लग्न झाल्यापासून त्या घोरण्याला नावं ठेवत आलेय. आता ते ऐकत झोपते. जीव भांड्यात पडतो हो ताई.

तुमची,
वहिनी


२१ एप्रिल

ताई,

नात झाली. गेल्या आठवड्यात, पहाटे. आई आणि मुलगी दोघी खणखणीत. तार, फोन, सगळं झालंय, पण तुला पत्र हवंच म्हणून लिहितोय.

दवाखान्यात लेकीला आत नेलं तेव्हा तिने मान वळवून दाराकडे बघितलं. दारात तिची आई उभी होती. बाकी काही सांगत नाही. मी जरा बाहेर जाऊन आलो.

मग नर्सने बाळ आणून माझ्या हातात दिलं. माझी पाचावर धारण बसली. एवढीशी वस्तू मी आयुष्यात हाताळलेली नाही, आणि जी हाताळतो ती पाना लावून घट्ट करतो. पण ताई, मला दिसली ग. स्वच्छ दिसली. पापण्या दिसल्या, नखं दिसली, वरच्या ओठावरची लव दिसली. जानेवारीत मला नळाचे आटे दिसत नव्हते. मी किती वेळ बघत होतो कोण जाणे. नर्स म्हणाली, काका, आता द्या परत.

दोन दिवसांनी घरी आलो. पहिल्याच रात्री जेवताना लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही रात्री उठता का?" मी घास खाली ठेवला. म्हटलं, हिला कुणी सांगितलं? मी ताठ बसून म्हणालो, "अजिबात नाही! महिना झाला, सलग झोपतो. फार तर एकदा." लेक बघतच राहिली. म्हणाली, "अहो, बाळ रडलं तर घ्याल का म्हणून विचारतेय. मला झोप हवीय." तुझी वहिनी पाणी पीत होती, ते तिच्या नाकातून आलं.

तर आता रात्रपाळी माझ्याकडे आहे. दूध पाजून झालं की पोरीला माझ्या खांद्यावर देतात आणि दोन्ही बायका झोपतात. मी तिला घेऊन फेऱ्या मारतो. डॉक्टरांनी चालायला सांगितलंच आहे. पाय दुखत नाहीत, मुंग्या नाहीत, तहान नाही. ती माझ्या कानात श्वास सोडते आणि मी तिला गावातले सगळे नळ समजावून सांगतो.

मी फार भ्यालो होतो ताई. तुला लिहिलं त्याहून जास्त. तू माझी शपथ मोडलीस ते फार चांगलं केलंस. मला ही पोर चालायला लागलेली बघायची आहे, तिने आजोबा म्हणून हाक मारलेली ऐकायची आहे, तिच्या मागे धावायचं आहे. त्यासाठी रोज गोळी घेईन, रोज चालेन, आणि तुझी वहिनी वाफवून देते तो बेचव पाला मुकाट खाईन.

आता थांबतो. पोरगी रडतेय, आणि आज मलाच उठायचंय.

तुझा ढब्बू